अप्पांच्या पाटीला नोटीस

नोटीस चिकटवायला महापालिकेचे पिराजीराव आले खरे, पण खळ आणायला विसरले. मग खळ कुणी करून दिली? रत्नव्वांनी. ज्यांच्या दारावर नोटीस लागायची त्यांनीच, आणि तीही गव्हाच्या पिठाची, वाटीभर, एक गुठळी होऊ न देता. माणूस दारात उभा राहून "जरा खळ मिळंल का ओ?" म्हणाला, तर आवटींच्या घरात न्हाय म्हणायची पद्धत नाही. कागद चिकटला, रत्नव्वांनी पदराला हात पुसले आणि मग विचारलं, "काय लावलासा ओ?"

"तुमच्या पाटीला नोटीस."

"अय्यो शिवा!" रत्नव्वा म्हणाल्या आणि वाटीत उरलेली खळ त्यांच्या हातातून काढून घेतली.

पाटी म्हणजे डंकाच्या, मिरची कांडायच्या गिरणीच्या, दाराशेजारची, चार बाय सहाची, काळी. वर पांढऱ्या रंगात 'आवटी कांडप केंद्र, मिरची-हळद-मसाला कांडून मिळेल'. त्याच्या खाली जी मोकळी जागा, तिथं महालिंगअप्पा रोज सकाळी सात वाजता स्टुलावर चढून खडूनं एक सवाल लिहीत. मुरगूडच्या भावाशी बटवारा झाला आणि अप्पांनी मंगळवार पेठेत डंक टाकला, त्या सालापासून. कधी पाण्याच्या टँकरवर, कधी रस्त्यावर, कधी थेट दिल्लीवर. पेठेतली माणसं दुधाला जाता जाता पाटी वाचायची आणि दुधावरून येताना त्यावर भांडायची. तीस वर्षांत अप्पांनी कुणाला सोडलं नव्हतं. पण घरच्या माणसाचं नाव पाटीवर आलं, ते परवा पहिल्यांदा.

झालं होतं असं. महापालिकेची निवडणूक लागली, प्रभाग महिलांना राखीव पडला, आणि धैर्यशीलदादांच्या आघाडीनं तिकीट जाहीर केलं ते अप्पांच्या सुनेला. संयोगिताला! घरात पेढे वाटले, रत्नव्वांनी दृष्ट काढली, अप्पांनी स्वतः सुनेच्या हातावर साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्टुलावर चढून, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं :

'सौ. संयोगिता शशिधर आवटी यांना सवाल. आपल्या गल्लीची गटार तुमच्या आघाडीनं पाच वर्षं "बघतो बघतो" म्हणून सोडली. निवडून आल्यावर तुम्ही कुणाचं ऐकणार? आघाडीचं की गल्लीचं?'

पेठ हसून हसून आडवी पडली. त्यातही त्या 'सौ.'ला लोक जास्त हसले. एरवी सवाल रोज बदलायचा, हा मात्र अप्पांनी तसाच ठेवला.

संयोगिता काही हसली नाही. ती तेव्हापासून सासऱ्याशी बोलतच नव्हती. बोलत नव्हती म्हणजे आवटींच्या पद्धतीनं. दोघं एकाच पंगतीला बसायची आणि मधे शशिधर. "तुमच्या अप्पास्नी इचारा, भात वाढू का." "तुझ्या बायकोला सांग, अर्धी मूद." शशिधर बिचारा भाताचा निरोप्या झाला होता.

*

आता, नोटीस लागली तेव्हा संयोगिता गटाच्या बायकांबरोबर घरोघरी फिरत होती. तिच्या बचत गटात बेचाळीस बायका. चटणी करायच्या, पाकिटं भरायच्या, कागलच्या एमआयडीसीतल्या कँटीनला पोचवायच्या. सहा वर्षं तिनं हे उभं केलं होतं, आणि तिकीट मिळालं ते या बेचाळीस जणींच्या जिवावर. शशिधरची बायको म्हणून नव्हे. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते तिकीट तिला जिवापाड हवं होतं. तिकीट पक्कं करणारा आघाडीचा एबी फॉर्म आज दुपारी हातात पडायचा, अर्ज भरायची शेवटची तारीख उद्या.

"वहिनी, तुमच्या पाटीला नोटीस आल्या!" गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं.

संयोगिताच्या मनात पहिल्यांदा काय आलं? खरं सांगायचं तर, आनंद झाला. चक्क आनंद. गेली पीडा! मग चार पावलं पुढं आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि आणखी चार पावलांनी राग आला, तो मात्र कुणावर ते तिला नीट कळेना. कारण त्या सवालात खोटं एक अक्षर नव्हतं. गटारीचा अर्ज तिनंच तीन वेळा लिहिला होता. आघाडीच्या माजी नगरसेवकानं तीन वेळा "बघतो" म्हणून खिशात घातला होता. हाच सवाल ती रोज झोपताना स्वतःला विचारत होती. फक्त तिची उशी वाचायला रस्त्यावरचे लोक येत नव्हते.

डंकाच्या दारात तर जत्राच भरली होती. नवी मिरची बाजारात उतरल्यामुळं बायकांचे डबे आधीच रांगेत लागलेले. डंकावर माणूस रांगेत उभा राहत नाही. डबा उभा राहतो आणि बाई सावलीत बसते. आज मात्र सगळ्या बाया डब्यांपाशी उभ्या होत्या. मधे पिराजीराव टेप घेऊन पाटी मोजत होते, आणि टेपचं दुसरं टोक खुद्द अप्पांनी धरलं होतं.

"नीट ताणा की ओ पावणं," अप्पा म्हणत होते. "माप चुकलं तर पुन्हा मला दोष नको."

"अप्पा, माझ्यावर रागवू नगा. तक्रार आली म्हणून यायला लागलं."

"मी कशाला रागवू? तुम्ही मापं घ्या. पन मला एक सांगा, दुकान माझं, भिंत माझी, खडू माझा. मग ही जाहिरात कशी?"

पिराजीरावांनी टेप गुंडाळला. माणूस वाईट नव्हता. परवाना विभागात बावीस वर्षं काढून त्यांचा आवाजच नियमासारखा झाला होता. "दुकानाचं नाव, माल, वेळ, एवढं लिवलं तर ती दुकानाची पाटी. त्याच्या खाली दुसरं काय बी लिवलं की जाहिरात फलक. मग अर्ज पायजे, जागामालकाचं संमतीपत्र पायजे, मजकुराची प्रत पायजे. त्यात आता आचारसंहिता."

"पन मी कशाची जाहिरात करतोय? गटारीची?"

बाया खो खो हसल्या. पिराजीरावांनाही हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात मिसळलं.

शिवांजली, म्हणजे संयोगिताची लेक, लॉच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती डब्यांवरून उडी मारून पुढं आली. "काका, हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. कलम एकोणीस! लहान दुकानदाराला राजकीय मत नसतं काय?"

"असतंय की बाळ. मत असायला कुणाची ना न्हाय. मी फक्त फलक मोजतोय."

"आणि मजकुराची प्रत कुठनं देणार? अज्जा रोज नवीन लिहितात. रोज नवीन अर्ज?"

पिराजीरावांच्या चेहऱ्यावर एकदम भीती दिसली. रोज सकाळी साडेदहाला टेबलासमोर उभे राहिलेले अप्पा त्यांच्या डोळ्यांपुढं आले असावेत. "तसं... ते साहेबांना इचारून सांगतो," ते घाईनं म्हणाले. "आज सहापर्यंत एक तर मजकूर पुसा, न्हायतर अर्ज द्या. आणि वहिनी," ते रत्नव्वांकडं वळून हळूच म्हणाले, "रांगेत तो निळ्या झाकणाचा डबा आमच्या घरचा हाय. तेवढा मागं सारू नका."

"आता त्यो सगळ्यात शेवट," रत्नव्वा म्हणाल्या.

*

शशिधर आत डंकापाशी उभा होता आणि त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता. डंक बंद, हवा थंड, तरीही.

तक्रार त्यानंच केली होती.

आता तुम्ही म्हणाल, पोटच्या पोरानं बापाच्या पाटीवर तक्रार? पण त्याच्या जागी दोन दिवस जेवून बघा. एका बाजूला बाप, एका बाजूला बायको, आणि मधे भाताचे निरोप. बापाला पुसा म्हणावं तर बाप आयुष्यभर बोलायचा नाही. बायकोला सोस म्हणावं तर बायको. काल दुपारी त्याला एकदम सुचलं, सरकारनंच पाटी काढली तर दोष कुणाचाच नाही! दोघं मिळून सरकारला शिव्या देतील, आणि एका पंगतीला बसून देतील. एवढा बिनतोड विचार त्याला कधी सुचला नव्हता. त्यानं मोबाईल काढला, पाटीचा फोटो टिपला, तक्रारीच्या अॅपवर टाकला, 'नाव गुप्त ठेवा'वर बोट दाबलं, आणि काल संध्याकाळी वर्षभरात पहिल्यांदा शिट्टी वाजवत मिरची चाळली.

बाहेरून रत्नव्वांचा आवाज आला. "आन् तक्रार केली कुणी?"

"ते गुप्त असतंय, वहिनी. नाव माझ्याकडं बी येत न्हाय. नुसता फोटो येतोय." आणि पुरावा म्हणून भाबड्या पिराजीरावांनी फोटो सगळ्यांना दाखवला.

सगळी मान वाकवून बघायला लागली. पाटी होती, सवाल होता, 'सौ.' होतं. पण सगळं लाल. आकाश लाल, भिंत लाल, समोरच्या दुकानाचा पांढरा कुत्रासुद्धा लाल.

शिवांजलीच्या तोंडून हसू असं फुटलं की तिला डब्यावर बसावं लागलं.

कारण असा लाल फोटो सबंध कोल्हापुरात एकाच मोबाईलवर निघत होता. शशिधर तो मोबाईल डंकाच्या खांबाला अडकवायचा, आणि चार वर्षांची मिरचीपूड त्याच्या कॅमेऱ्यावर बसली होती. शिवांजलीचा बारावीचा सत्कार लाल होता. गोकर्णला गेलेले, तिथला समुद्र लाल होता. मुरगूडच्या काकांच्या साठीच्या फोटोत काका तर असे पेटलेले दिसत होते की पाहुण्यांनी फोन करून तब्येत विचारली होती.

"शशी," अप्पा म्हणाले. "भाईर ये."

शशिधर बाहेर आला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण हात मागं बांधून उभा राहिला.

"तू केलास?"

"व्हय."

"कशापाय?"

"तुम्ही दोघं बोलत न्हाय, अप्पा! भात वाढू का म्हणून मी इचारायचं, अर्धी मूद म्हणून मी सांगायचं. काल तिनं ताक पायजे का इचारलं, तुम्ही न्हाय म्हणालासा, आणि ते मी तिला सांगायच्या आत तिनं वाढलं बी! मग मी हाय कशाला मधे?"

संयोगितानं तोंडाला पदर लावला. तिला नवऱ्याचा संताप यायला हवा होता, आणि खरोखर येत होता, पण त्याच्या आत हसूही उसळत होतं. तिनं सासऱ्याकडं बघितलं. अप्पाही मिशीत हसत होते. दोन दिवसांनंतर दोघांची नजरानजर झाली, ती अशी. लगेच दोघांनी ती काढून घेतली.

"माझ्या पोरानं माझ्याच पाटीवर नोटीस आणली," अप्पा बायांकडं वळून म्हणाले, आणि आवाजात चक्क कौतुक होतं. "तीस वर्षांत ह्यानं पयल्यांदा सरकारी काम येळेत करून घेतलं."

*

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली, आणि बाया कुजबुजल्या, "दादा आलं, दादा आलं."

धैर्यशीलदादा उतरले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आघाडीचा गमछा, मागं दोन कार्यकर्ते. हातात खाकी पाकीट. त्यात एबी फॉर्म होता.

रत्नव्वांनी पाकीट बघितलं, दादांचा चेहरा बघितला, आणि सुनेचाही बघितला. रत्नव्वा संकेश्वराकडच्या. त्या भागात लहानपणापासून मिरचीच्या ढिगांत वाढलेल्या बाईला माणूस कोणत्या कामाला आलाय हे बोलायच्या आधी कळतं.

"शशी," त्या शांतपणे म्हणाल्या, "लवंगी मिरची लाव."

"आत्ता? अव्वा, पाव्हणं आल्यात..."

"म्हणूनच लाव."

डंक सुरू झाला. धाड धाड धाड. शशिधरला एवढं मोठं चुकल्यावर आईचं ऐकण्यात फार बरं वाटत होतं. त्यानं लवंगी अशी ओतली की गल्लीतल्या हवेला एकदम रंग आला.

"वहिनी," दादांनी संयोगिताकडं बघत सुरुवात केली, "आघाडीची शिस्त म्हणून एक... आं... एक गोष्ट... आक्छी!"

"सत्य हाय," रत्नव्वा म्हणाल्या.

"घरातनंच आघाडीवर टीका... आक्छी!... हे खपवून... आक्छी!... घेतलं जाणार... आक्छी! आक्छी!"

मागच्या कार्यकर्त्यांनाही लागल्या. एक वाक्य तिघांत मिळून शिंकलं जात होतं. आवटी मंडळी आणि रांगेतल्या बाया मात्र ढिम्म. त्यांची नाकं याच हवेत पिकलेली. पिराजीरावांनी रुमालात तोंड घालून भिंतीचा आधार घेतला होता, आणि ते रडत होते की हसत होते ते देवाला ठाऊक.

पण दादा तसे चिवट. गमछा नाकाला लावून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "पाटी पुसायची, आत्ता. वहिनींनी, स्वतःच्या हातानं. आम्ही फोटो काढतो, सगळ्या ग्रुपवर टाकतो. पुसली की हा फॉर्म तुमचा. न्हाय पुसली, तर संध्याकाळपर्यंत दुसरी उमेदवार मिळती आम्हाला."

शशिधरनं आपसूक डंक बंद केला.

संयोगिता पाटीकडं बघत उभी होती. बेचाळीस बायका, सहा वर्षं. सकाळी पाचला उठून कांदे सोलले, आडदांड कँटीनवाल्यांशी भांडली, सह्या गोळा केल्या. आणि आता सगळं एका ओल्या फडक्यावर आलं होतं. काय मोठं होतं त्यात? पावसात रोजच धुऊन जायचं ते अक्षर. उद्या अप्पा पुन्हा लिहिणारच. कुणाचं काय जाणार होतं?

तेवढ्यात तिच्या हाताला काहीतरी गार लागलं. अप्पा शेजारी उभे होते. त्यांनी स्वतः फडकं पाण्यात भिजवून, पिळून आणलं होतं.

"पूस, पोरी," अप्पा म्हणाले. शशिधरला मधे न घेता, थेट. "पाटी काय, उद्या परत भरती. तुझी येळ परत यायची न्हाय. मी लिवलं ते लिवलं. तू पूस. मला राग न्हाय."

"अप्पा..."

"खरंच न्हाय. देवाशप्पथ. पूस."

आणि म्हाताऱ्यानं खरंच स्टूल सरकवून दिलं. तीस वर्षं त्या स्टुलावर दुसऱ्या कुणाचा पाय पडला नव्हता.

संयोगिता स्टुलावर चढली. कार्यकर्त्यानं मोबाईल वर धरला. तिनं फडकं पाटीवर टेकवलं, सवालाच्या अगदी पहिल्या अक्षरावर, 'सौ.'वर. जवळून बघितलं तर त्या 'सौ.'चं टिंब अप्पांनी दोनदा गिरवलं होतं, ठळक दिसावं म्हणून. सून उमेदवार आहे आणि तिला नावानिशी, मानानं सवाल विचारायचा आहे, एवढीच ती गोष्ट होती. आजवर तिला उमेदवारासारखं वागवणारा तो एकच माणूस होता. बाकीच्यांनी तिला हार घातले होते, फोटोत उभं केलं होतं, कुठं काय बोलायचं ते सांगितलं होतं. विचारलं कुणीच काही नव्हतं.

तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "खडू द्या."

अप्पांनी खिशातला खडू दिला.

संयोगितानं सवालाच्या खाली, मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरात लिहिलं : 'गल्लीचं.' आणि त्याखाली पूर्ण सही केली.

मग रांगेतून एक बाई ओरडली, आणि मग सगळ्याच ओरडल्या. डब्यांवर झाकणं वाजायला लागली, शिवांजलीनं शिट्टी घातली, आणि शशिधरला काय करावं ते न सुचून त्यानं पुन्हा डंक चालू केला. दादा काहीतरी बोलत होते, पण त्यांचं "आक्छी"सुद्धा कुणाला ऐकू गेलं नाही. ते पाकीट घेऊन गाडीकडं गेले. पाकीट जाताना संयोगितानं बघितलं आणि तिच्या काळजात कळ आली. ती खोटं कशाला बोलेल? तिला ते हवं होतं. पण स्टुलावरून उतरताना तिला इतकं हलकं वाटलं की तिनं शेवटची पायरी चक्क उडी मारून गाठली. त्या स्टुलाला पायऱ्या दोनच होत्या.

अप्पा पाटीसमोर उभे होते. तीस वर्षं. रोज एक सवाल. नगरसेवकांना, आमदारांना, मंत्र्यांना. लोक हसले, चिडले, एकानं दगड मारला, एकानं घरी हार पाठवला. पण पाटीवर उत्तर कुणी लिहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्यांच्या अक्षराखाली दुसऱ्याचं अक्षर होतं. अप्पांना रडू आलं, भरपूर आलं, आणि त्यांनी ते लवंगीवर ढकललं नाही. सगळ्यांदेखत उपरण्यानं डोळे पुसले.

"साकु, साकु, पुरे आता," रत्नव्वा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "आता पुढलं बगा."

*

पुढलं म्हणजे पिराजीराव. नाक लाल, डोळे लाल, पण हातात अर्जाचा कोरा नमुना. "सहाच्या आत अर्ज आला, तर त्या अर्जाच्या निकालापर्यंत मला फलक काढायला नको," ते म्हणाले. "जागामालकाची सही कुठाय? अप्पा, तुमची?"

"जागा माझी न्हाय," अप्पा म्हणाले. "बटवाऱ्यात भाऊ भांडत होता तवा मी ही जागा हिच्या नावावर केली."

सगळ्यांनी रत्नव्वांकडं बघितलं. तीस वर्षं रोज त्या पाटीखालचा खडूचा चुरा झाडणारी बाई. त्यांनी पेन घेतलं, सावकाश सही केली आणि पेन परत दिलं नाही.

"आधी कुणी मला इचारलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "मी तर म्हणते, आनखी मोठी करा पाटी."

"मोठी नको!" पिराजीराव ओरडले. "हाय तेवढीच! आणि निकालापर्यंत मजकूर मात्र झाका. उघडा ठेवता येनार न्हाय मला."

मग काय, झाकला. ब्याडगी मिरचीचं रिकामं पोतं उसवून पाटीवर टांगलं. नियम पाळला गेला. आणि पाच मिनिटांत पोत्यासमोर रांग लागली. जो येईल तो एक कोपरा उचलायचा, आत डोकं घालायचा, वाचायचा आणि शिंकत बाहेर यायचा. बाहेर आल्यावर मागच्याला सांगायचं नाही, असा नियम रांगेनंच करून टाकला. पोतं उचलून धरायला एक माणूस लागला, तो उभा राहिला शशिधर.

"पप्पा, नाद खुळा!" शिवांजली म्हणाली. "तक्रारदारच दरवान!"

रांगेत पिराजीरावही दिसले. "मजकूर नीट झाकलाय का ते तपासायला लागतंय," ते म्हणाले, आणि आत डोकं घालून बराच वेळ तपासत राहिले. मग स्वतःचा निळ्या झाकणाचा डबा उचलून पुढं नेऊन ठेवला. रत्नव्वांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

संयोगिता ओट्यावर बसली, गटाच्या बायका भोवती. उद्या अपक्ष अर्ज भरायचा, हे कुणी ठरवलं असं नव्हे, पण सगळ्यांचं ठरलेलं होतं. शिवांजली मोबाईलवर बघून सांगत होती, "सूचक लागतो. प्रभागातला मतदार. त्याची सही."

"अप्पा करतील की!" चार जणी एकदम म्हणाल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. संयोगिताही उठली आणि उमेदवारीचा अर्ज घेऊन सासऱ्यासमोर गेली. आता एवढं झाल्यावर दुसरं नाव कुणाचं असणार?

अप्पांनी अर्ज हातात घेतला, चष्मा लावला, वाचला आणि परत दिला.

"मी सही करनार न्हाय."

शशिधरच्या हातातून पोतं सुटलं, आणि आत डोकं घातलेला एक म्हातारा आतच राहिला.

"अप्पा!" रत्नव्वा म्हणाल्या.

"आगं, ऐक तरी," अप्पा म्हणाले. पण ते बोलत होते सुनेशी. "उद्या मी तुझा सूचक झालो, तर परवा सकाळी सात वाजता तुला सवाल कोण इचारनार? आज तू उत्तर दिलंस. लई मोठं काम केलंस, पोरी. पन निवडून आल्यावर गटार झाली न्हाय, तर मला परत स्टुलावर चढायला लागंल. तवा माझी सही तुझ्या कागदावर नको."

संयोगिताला जे हसू आलं ते दोन दिवसांचं साठलेलं होतं. हसता हसता ती खाली वाकली, अर्ज दुमडला गेला, डोळ्यांतून पाणी आलं. तिला आयुष्यात एवढा मान कुणी दिला नव्हता, आणि तो नकाराच्या रूपात आला होता.

"नका करू सही," ती म्हणाली. "खरंच नका करू. शशिधर करतील. त्यांना आता घरात दुसरं काम बी न्हाय."

शशिधरनं पोत्याखालच्या म्हाताऱ्याला बाहेर काढलं आणि तिथंच, त्याच्या पाठीवर अर्ज ठेवून सही केली.

"आनी मत, अप्पा?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "मत तरी सुनेला देनार का न्हाय?"



"ते पाटीवर लिवत नसतोय," अप्पा म्हणाले, आणि सुनेकडं वळून, मधे कुणाला न घालता, विचारलं, "भात टाकलास का? भूक लागल्या."